दगडात दहा दिवस

माणूस नश्वर, पाषाण चिरंतन. कॉलेजात भूशास्त्र शिकवताना पहिल्या तासाला मी हे वाक्य न चुकता टाकतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ते येत नाही. मग खनिजं आणि त्यांचे उपयोग. फेल्डस्पार कपबशीत जातो, क्वार्ट्झची काच होते, अभ्रक इस्त्रीत बसतं. आमच्या काळ्या पाषाणाची खडी होते. पूर्वी घरं होत. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या सास्तूर गावी तसल्याच घराची भिंत आजीवर पडली आणि वडिलांनी हातानं दगड उपसले. पुढं जन्मभर ते नव्या वसाहतीतल्या सिमेंटच्या खोलीतच झोपले. दगडी देवळातल्या देवाचं दर्शनसुद्धा बाहेरूनच घेत.

यंदा ते गेले. स्मशानात मडक्याला भोक पाडायला चुलतकाकांनी हाताला लागला तो दगड उचलला. त्यालाच जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात राहतो, म्हणून रोज त्यावर तीळपाणी सोडायचं. आम्ही तो फडक्यात गुंडाळून परसातल्या लिंबाला बांधला.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आई जेवतच नव्हती.

“भूकंपापसून त्यांनी दगडाच्या भिंतीला पाठ टेकली न्हाय,” ती म्हणाली. “अन तुमी त्यांला दगडातच कोंडलं व्हय रं?”

“धाच दिस हैत, वैनी,” काका म्हणाले. “भाडेकरूवानी ऱ्हायचं अन जायचं.”

“मग तुमीच ऱ्हावा की.”

काका उठून बाहेर गेले.

चौथ्या दिवशी पाणी सोडताना वरची राख धुऊन निघाली. सवयीनं मी खिशातलं भिंग लावलं. करडा लगदा, वाळू, बारीक खडी. स्मशानातल्या ओट्याचा तुकडा होता.

“आई, हा दगड न्हाय. सिमेंट हाय.”

तिनं तो तळहातावर घेतला. “आपल्या घराचं हाय तसलं?”

“तसलंच.”

तिनं तो स्वतः फडक्यात बांधला आणि आत जाऊन अर्धी भाकरी खाल्ली. आतली खडी काळ्या पाषाणाचीच होती, हे मी तिला सांगितलं नाही.

दहाव्याला तो नदीत सोडला. येताना ओटा पाहिला. बांधून तीनच वर्षं झाली, पण कडा पार ढासळल्यात. उद्घाटनाची कोनशिला मात्र शाबूत आहे. ती ग्रॅनाइटची आहे.