राहिलेला सांधा

मुंगूस हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. कुठलंही भगदाड दिसलं की आधी डोकं आत घालायचं, या सवयीपायी कामावरच्या लोकांनी ते पाडलं आणि पुढे त्याची बायकोही तीच हाक मारायला लागली. बावीस वर्षं तो लोकांच्या घरातले हवेचे डक्ट साफ करत होता. छतातून, भिंतींतून फिरणाऱ्या त्या पत्र्याच्या बोगद्यांत काय काय साठतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. केस, कुत्र्याची लव, बांधकामाचा राडारोडा, एकदा तर दातांची अख्खी कवळी!

गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते त्याला पाठ होतं. धूळ जाते, कुबट वास जातो, कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत हवा पोचते, यंत्राला धाप लागत नाही. साफसफाईच्या कंपनीचा मालक म्हणायचा, "आजार पळतात, हेही सांगत जा की." ते मात्र मुंगसाच्या तोंडून निघत नसे. "मी साफसफाईवाला, डॉक्टर नव्हे," म्हणायचा.

त्या दिवशी काम होतं भूगोलाच्या बाईंकडे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावरच्या चार खोल्यांत एकट्या राहत. शाळा सुटली होती, दरारा सुटला नव्हता. मुंगूस शिडीवर चढला तशा त्या खाली हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, जणू तो आता नकाशात नदी उलटी काढणार होता.

"थंडी पडली की माझं डोकं ठणकतं," त्या म्हणाल्या. "मळमळतं. सारखी झोप येते. बाजारात गेले की तासाभरात टवटवीत. घरी आले की पुन्हा तेच रडगाणं."

"धूळ हो, बाई," मुंगूस वरूनच म्हणाला. "काढून टाकतो आज."

काढलीही त्याने. दोन पिशव्या गच्च भरल्या. मागच्या खोलीतल्या जाळीतून कित्येक वर्षांत पहिल्यांदा हवा आली. बाईंनी समोर रुमाल धरला, तो फडफडला आणि त्या चक्क हसल्या.

राहिला तो कोठीतला शेवटचा तुकडा. कोठीत गॅसवर चालणारी भट्टी होती. ती एका डक्टने घरातली हवा ओढून घ्यायची, तापवायची आणि बाकीच्या डक्टांतून खोल्यांत सोडायची. हवा ओढणाऱ्या डक्टचा तो तुकडा एका जड कपाटामागे होता. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मालकाचा दोनदा फोन येऊन गेला होता. मुंगसाने कागदावर 'सर्व डक्ट साफ' लिहिलं, बाईंची सही घेतली आणि सामान उचललं.

संध्याकाळी घरी आला, पण त्याचा पाय ठरेना. खुर्चीत बसला, उठला. खिडकी लावली, उघडली. बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती.

"काय चाललंय? मुंग्या चावतायत का?"

"बाहेर गेलं की बरं वाटतं, म्हणाल्या त्या."

"कोण?"

त्याने सगळं सांगितलं. सांगता सांगताच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नुसती धूळ असती तर बाई शिंकल्या असत्या, खोकल्या असत्या. डोकं ठणकणं, मळमळ, झोप, तीही भट्टी पेटते त्याच दिवसांत! त्या कपाटामागे भट्टीचा धूर डक्टमध्ये शिरत असेल तर? आणि आजवर बाकीचे डक्ट तुंबलेले होते म्हणून तो थोडाच ओढला जात असेल. आता तर आपणच वाट मोकळी करून आलोय.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? फोन करा!" बायको म्हणाली.

बराच वेळ घंटी वाजली. बाईंचा आवाज जड होता. "जरा पडले होते. डोकं फार..."

"बाई, भट्टी बंद करा. खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन बसा. आत्ताच्या आत्ता."

"या थंडीत? वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय असं समजा, पण उठा!" बाईंशी असं कुणी बोललं नसेल. मग फोनमधून सपाता घासल्याचा आणि दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने फोन ठेवला. बायकोने तोवर गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन लावलाही होता.

बसमध्ये तो उभाच राहिला. प्रत्येक थांब्यावर त्याला चालकाला खाली उतरवून आपण बस हाकावी असं वाटत होतं. गल्लीच्या तोंडापासून तो पळत सुटला. बाई कोट घालून पायरीवर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"याचं स्पष्टीकरण हवंय मला," त्या म्हणाल्या. हे ऐकून मुंगसाला रडूच यायचं बाकी राहिलं.

पाठोपाठ गॅसवाला आला. दारातच त्याच्या हातातलं यंत्र किंचाळायला लागलं. हवा खेळेपर्यंत त्याने कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग दोघांनी मिळून कपाट ओढलं. भट्टीचा धुराचा पाइप निसटला होता, भिंत काजळीने काळी झाली होती आणि अगदी त्याच्या शेजारी डक्टचा सांधा चार बोटं उघडा होता.

"कार्बन मोनॉक्साइड. ना वास, ना रंग," गॅसवाला म्हणाला. "झोपेतच कारभार आटोपतो. आधी दवाखान्यात जा, बाई."

मुंगूस बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मी दुपारी हे कपाट हलवलंच नव्हतं. कागदावर खोटं लिहिलं."

बाईंनी हात पुढे केला. "तो कागद आणा." मुंगसाने तो खिशातून काढून दिला, त्यांनी टराटरा फाडला. "पाइप दुरुस्त झाला की हा तुकडा साफ करायचा, सांधा बुजवायचा आणि नवीन कागद लिहायचा. मी समोर उभी राहणार आहे."

त्या रात्री त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. दोन दिवसांनी काम झालं, बाई समोर उभ्या राहिल्या आणि भिंतीवर वायूची सूचना देणारी डबी लागली. आठवड्याभरात डोकं ठणकायचं थांबलं. बाईंनी आपणहून आजूबाजूच्या पाच घरांत मुंगसाला धाडलं, "आधी भट्टी बघायला लावा," असं बजावून.

तेव्हापासून तो शिडी टेकवण्याआधी भट्टी बघतो. वेळ जातो म्हणून मालक कुरकुरतो, मुंगूस ऐकून घेतो. मात्र काम संपवून कागदावर 'सर्व डक्ट साफ' लिहिताना त्याचा हात अजून थबकतो. कित्येकदा तो पेन ठेवतो आणि सगळे सांधे पुन्हा एकदा चाचपून येतो.