धड्यातले मास्तर

माझी बालमैत्रीण पद्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरात भाजी घेत उभी होते. "मावशी, आई सकाळी गेल्या..." तिची सून एवढंच बोलू शकली. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून तिच्यावर बरंच छापून आलं, यंत्रमागांच्या गल्लीतून आलेली पहिली कादंबरीकार वगैरे. सगळं खरं आहे. एक गोष्ट सोडून.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी पद्माच्या वडिलांनी तिला सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं. मी सोळा वर्षांची. थेट आत गेले. "काका, पेपर झाला की आणून सोडते." ते ओरडले, "लगीन ठरलंय तिचं, पेपर कशाला पाहिजे?" मी तिचा हात धरला आणि पळवतच केंद्रावर नेलं. संध्याकाळी घरी मला जो मार बसला, त्याचे वळ आठवडाभर होते. पण पद्मा पास झाली, शिकली, लिहायला लागली.

तिची पहिलीच कादंबरी गाजली. मी हौसेनं वाचत त्या सकाळच्या प्रसंगापाशी आले, तर दारातून आत आले होते ते एक मास्तर! हात धरला तोही त्यांनीच. आमच्या गल्लीत असा मास्तर कुणी नव्हताच.

मी विचारलं. ती म्हणाली, "प्रकाशक म्हणाले, एवढीशी पोर असं करते हे कुणाला पटायचं नाही. मला पुस्तक यायला पाहिजे होतं, विमल."

"आणि मी?"

"तू काय, घरातलीच की."

पुढं तेच प्रकरण पाठ्यपुस्तकात धडा म्हणून आलं. मी मराठीची शिक्षिका. 'मास्तरांचे धाडस तुमच्या शब्दांत लिहा' याची उत्तरं निवृत्त होईपर्यंत तपासली... त्याबद्दल पद्माशी पुन्हा कधी बोलले नाही. येणंजाणं मात्र सुटलं नाही.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, "तो मास्तर मीच होते." अध्यक्षांनी डोळे पुसले. "किती खरं बोललात बाई! आपल्या प्रत्येकात एक मास्तर असतो."

तिथून तिच्या घरी गेले. खोलीत टेबलावर तिचं शाईचं पेन उघडंच पडलं होतं. लिहून झालं की टोपण लावायचं तिला कधी सुचायचं नाही, ते मीच लावायचे. सवयीनं हात पुढं गेला... मग मी तो मागं घेतला.