उपाशीपोटीचं रक्त

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त तपासायची नोकरी करायचे. वय पंचविशीचं, अंगावर पांढरा कोट आणि तोंड म्हणजे तोफखाना. पेशंट मला टरकून असत. आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

राजापूरकडचे एक म्हातारे काका बायकोला घेऊन पहिल्या एस.टी.ने आले. काकांची मूत्रपिंडं निकामी होत चाललेली, पाय सुजलेले, त्यात ब्लडप्रेशर. रक्तातली चरबी बघायची होती, आणि त्यासाठी बारा तास उपाशी असावं लागतं. मी रक्त घेतलं, नळी मशीनमध्ये फिरवली. वर पिवळसर, नितळ पाणी यायला हवं, तर आलं ताकासारखं पांढरं. खाऊन आलेल्या माणसाचं असं येतं. स्टँडवर चहा-भजी हाणायची आणि इथे येऊन उपाशी म्हणून सांगायचं, हा प्रकार मी रोज बघत होते.

"काय काका, काय चापून आलात?"

"काय नाय बाय, देवाशप्पथ."

"मग हे काय आभाळातनं पडलं? परवा या. पाण्याशिवाय काहीही पोटात जाता कामा नये. काहीही!"

परवा आले. नळी पुन्हा तश्शीच. या वेळी मी बाकावरच्या सगळ्यांदेखत त्यांना खोटारडे म्हटलं आणि खरोखर उपाशी राहून परत या, असं सुनावलं. काका मान खाली घालून उठले. काकूंनी हात जोडले. मला!

दुपारी लॅबच्या डॉक्टरांनी ती नळी उचलून बघितली. "अगं, हा मूत्रपिंडाचा पेशंट ना? या आजारात माणूस उपाशी असला तरी चरबी रक्तात साठून राहते. रक्तवाहिन्यांना धोका आहे का, हेच तर बघायचं होतं. आणि तू त्यांना परत पाठवलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रक्ताची तपासणी केली, रिपोर्ट पोस्टात टाकला. सोबत 'चुकले' एवढी एक ओळ लिहायची होती, ती मात्र लिहिली नाही. माज हो, दुसरं काय!

चार दिवसांनी काकू एकट्याच आल्या. काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता, रत्नागिरीतच इस्पितळात आणून ठेवलं होतं. पाण्याशिवाय काही नको म्हटल्यावर त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्यासुद्धा सोडल्या होत्या. दुसऱ्या खेपेनंतरही घेतल्या नाहीत. का, तर पुन्हा जायचंय, बाय रागावेल.

मी तिथेच स्टुलावर बसले. माफी मागायला तोंड उघडलं, पण काकू माफीसाठी आल्याच नव्हत्या. रिपोर्ट त्यांना मिळालाच नव्हता. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तीन दिस झाले, ह्यांना पाण्याचा घोटपण गिळवत नाय. आता खरंच उपाशी हायत. आता तरी घेशील ना गो बाय रक्त?"