पासष्ट किलोचा ड्रायव्हर

हां, तर काल गोष्टीत आनंदराजला काट्यावर उभा करूनच मी जेवायला उठलो होतो. काटा म्हणजे किराणा दुकानातला नव्हे. उदगीरच्या बाहेर डाळ मिलच्या रस्त्याला वजनकाटा आहे, त्याच्या लोखंडी प्लेटवर भरलेला ट्रक अख्खा चढतो. त्या एवढ्या मोठ्या प्लेटवर हा एकटा माणूस उभा, खांद्यावर टॉवेल, कधी या पायावर तर कधी त्या पायावर. आणि खिडकीत बसलेला काटेवाला मडिवाळप्पा वैतागून म्हणतोय, "आरं थोडं थिर ऱ्हा की. दहा चाकाचा ट्रक थिर ऱ्हातो, तुला काय झालंय?"

"ट्रकला भूक लागत न्हाई," आनंदराज म्हणाला. "लौकर लिही."

मडिवाळप्पानं आकडा वाचला. पासष्ट किलो. जाड वहीत लिहिला, पुढं आनंदराजची सही घेतली, आणि मगच ट्रकची पावती फाडली.

ड्रायव्हरला कशाला तोलायचं, असं तुम्ही विचाराल. तर ट्रक आधी मालासकट तोलतात, मग माल उतरवून रिकामा तोलतात. दोन्हींतला फरक तो माल. ड्रायव्हर दोन्ही वेळी आत पाहिजे, नाहीतर दोन्ही वेळी बाहेर. पण गाडी थांबली की आनंदराजचं खाली उतरणं ठरलेलं. कधी चहाला, कधी कुणाची खुशाली विचारायला, काही नसलं तर टायरला लाथ मारून बघायला. एकदा भरल्या गाडीत बसून राहिला आणि रिकामी तोलताना उतरला. पोती मोजल्यावर मिलचा मुनीम तणतणत काट्यावर आला. "पासष्ट किलो हरभरा कमी हाय. आमी हरभऱ्याच्या भावानं ड्रायव्हर इकत घेतला का काय?"

मडिवाळप्पा बिदरकडचा माणूस, हिशोबाला चोख. त्या दिवसापासून त्यानं नियमच केला. बाकीचे ड्रायव्हर आत बसले का बाहेर उभे राहिले, ते तो डोळ्यानं बघायचा. आनंदराजचा मात्र भरवसा नाही, म्हणून दर खेपेला त्याला एकट्याला तोलायचं, तारीख आणि गाडी नंबरासमोर लिहायचं आणि सही घ्यायची. सगळा काटा हसायचा. तीन वर्षं हे चाललं.

आनंदराज आमच्या जळकोटकडचा. त्याचा बाप व्यंकटी आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत एका सतरंजीवर बसलो. व्यंकटी तसा शांत माणूस, पोरगं मात्र भिंगरी. शाळेत ते बाकावर टिकेना, तेव्हा गुरुजींनी त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. मग ते दर पाच मिनिटाला किती वाजले म्हणून विचारायला लागलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळे एकदा चालतात. हा पुढच्या झेंड्यापासून मागच्या बैलगाडीपर्यंत तीनदा चालायचा आणि वर म्हणायचा, लौकर संपली. असा माणूस आयुष्यात एकाच जागी थिर बसलेला मी पाहिला, स्टिअरिंगच्या मागं. तिथं बसला की सहा सहा तास हलायचा नाही. चाकं फिरत असली की त्याच्या जिवाला आराम पडायचा.

गाडी नायगावच्या रुद्रेशशेठची. शेठच्या सहा गाड्या. काम खेपेवर. नायगावहून हरभरा, तूर, सोयाबीन भरायचं, मुखेड-जळकोट करत उदगीरला उतरवायचं. खेप केली तर पैसे, नाही केली तर नाही. कागदपत्र काही नाही, शेठचा शब्द तोच कागद. सात वर्षं त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर मुखेडच्या पुढं टायर फुटला. गाडी नालीत गेली. उजव्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं, मोबाईलचा चुरा झाला. लातूरला नेऊन मांडीत सळई घातली. शेठ दवाखान्यात आले, मोसंब्या आणल्या, दवाखान्याचे थोडे पैसेही भरले. खोटं कशाला बोलायचं. पण आनंदराज घरी आल्यावर शेठचं फोन उचलणं बंद.

घरातलं काय सांगू. बायको रूपाली दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. आई नागुबाई सत्तरीची, ती चुलीपाशी. आणि हा खाटेवर. खाटेवरून भिंतीवरचं घड्याळ काढून उघडलं, बंद पाडलं. दाराची कडी काढून उलटी बसवली. रेडिओ उघडला, तो तसाच राहिला. नागुबाई मला म्हणाली, "आबा, ह्याचा एक पाय मोडलाय ते मी सोसलं. पर दुसरा पाय माझं घर मोडून राहिलाय."

चार महिन्यांनी कुबडी घेऊन तो नायगावला गेला. मी सोबत होतो. बुडालेल्या खेपांचं काहीतरी द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

शेठ म्हणाले, "कोणत्या खेपा? तू त्या दिवसापुरता बदली ड्रायव्हर होतास. बदलीवाल्याची रोजी एका दिवसाची, ती बुडाली असंल तर घेऊन जा."

"शेठ, सात वर्षं झाली."

"कागद दाखव."

बाहेर येऊन मी शेठच्या दिवाणजीला बाजूला घेतलं. तो हळूच म्हणाला, "आबा, शेठ वाईट न्हाईत. पर ह्याला दिलं तर बाकीचे पाच उद्या दारात. म्हणून न्हाईच म्हणायचं ठरलंय."

तर आम्ही लातूरला महानंदाताई वकिलाकडं गेलो. बाई बोलायला रोखठोक. कामगार कोर्टात अर्ज टाकू म्हणाल्या, पण पुरावा आणा. आनंदराज म्हणाला, टोलनाक्यावर गाडीची नोंद असंल, मिलमधी असंल.

"गाडी गेली हे दिसेल. गाडीत तू होतास हे कुठं दिसतं?"

"काट्याच्या पावत्या?"

"कुठंयत?"

"शेठकडं. दर खेपेला देऊन टाकायचो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आनंदराज खुर्चीतून उठला, बसला, परत उठला. बाई म्हणाल्या, "आणि एक सांगते. कोर्टात असं करू नको. तुला काम जमत नाही असं आपण म्हणतोय, आणि तू इथं कवायत करतोयस. तिथं गुमान बसायचं."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्याला अपंगाची सीट मोकळी करून दिली. हा दोन गावं बसला असेल नसेल, उठून दांड्याला धरून उभा. कंडक्टर म्हणाला, "मग कुबडी कामून घेतली, शोभेला?" बसमधले हसले. मीही हसलो. व्यंकटीचं पोरगं, दुसरं काय करणार.

उदगीरला बस बदलायची होती. तो म्हणाला, आबा, काट्यावर एक चहा घेऊन येऊ. मला वाटलं, जुन्या ओढीनं चाललाय. आम्हाला बघून मडिवाळप्पा खिडकी सोडून बाहेर आला. "कूडरी, कूडरी," म्हणजे बसा, बसा, म्हणत स्वतःची खुर्ची पुढं केली. आनंदराज काही बसला नाही. मडिवाळप्पा त्याच्याकडं खालून वर बघत राहिला. मग म्हणाला, "लई वाळलास की रे. चल, प्लेटवर हो."

"आता माझ्यासंगं गाडी कुठंय?"

"नसू दे. हो म्हणतो ना."

कुबडी माझ्या हातात देऊन तो प्लेटवर गेला. आकडा आला पंचावन्न. मडिवाळप्पाला पटेना. "मागल्या टायमाला किती होतास?" असं म्हणत त्यानं फळीवरून ती जाड वही काढली. पानं उलटत बोट खाली नेऊ लागला. पासष्ट, पासष्ट, चौसष्ट, पासष्ट. समोर तारीख, गाडी नंबर आणि आनंदराजची सही. आठवड्यात चार, कधी पाच. हंगामात रोज. अशा तीन वह्या फळीवर होत्या.

मी सातवी पास माणूस, पण एवढं मला कळलं. मी वहीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आप्पा, ही वही आता कुणाला देऊ नका. आमी वकीलबाईला घेऊन येतो."

आनंदराजला मात्र अजून पंचावन्न किलोचंच वाईट वाटत होतं.

साक्षीची तारीख पडता पडता अपघाताला अकरा महिने झाले. मधल्या काळात रूपालीनं एक दिवस खाडा केला नाही. कोर्टात जायच्या आदल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "पैसे मिळू न मिळू, पर तुमी बदली होता हे मी ऐकून घेणार न्हाई."

निकाल आधीच सांगून टाकतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. अकरा महिन्यांची मजुरी द्या म्हणून हुकूम झाला, वर व्याज. शेठनं दोन हप्त्यांत भरली, आणि दुसऱ्या हप्त्याला स्वतः आले, चहा घेऊन गेले. नागुबाईनं त्यांना मोसंबी सोलून दिली, आता ती मुद्दाम दिली का सहज, ते तिलाच ठाऊक.

पण मला सांगायचंय ते त्या साक्षीच्या दिवसाचं. मडिवाळप्पा धुवट धोतर नेसून आला होता. तिन्ही वह्या त्यानं मांडल्या. शेठचा वकील म्हणाला, "ड्रायव्हरला तोलायची ही कुठली पद्धत? ही तर गंमत आहे."

मडिवाळप्पा म्हणाला, "गंमतच हाय साहेब. पर तारखेसकट हाय."

न्यायाधीश साहेबांनी पानं चाळली, सह्या ताडून बघितल्या. वाटलं, झालं काम. तेवढ्यात शेठच्या वकिलानं दुसरा डाव काढला. मोबाईलवरचे फोटो दाखवले. आनंदराज जळकोटच्या स्टँडवर उभा, हॉटेलपुढं उभा, शाळेच्या भिंतीला टेकून उभा. म्हणाला, "नेहमीचा ड्रायव्हर होता असं धरून चाला. पण ह्या माणसाला झालंय काय? दिवसभर गावात हिंडतो. काम जमत नाही म्हणून मजुरी मागतो आणि पाच मिनिटं एका जागी बसत नाही."

आनंदराजसाठी मुद्दाम खुर्ची ठेवली होती. ताईंनी बजावलं होतं म्हणून तो बसला होता, पाय समोर काठीसारखा लांब करून. पलीकडं जाणारा शिपाई त्या पायाला अडखळला. आनंदराजनं पाय आत ओढायला बघितला, चेहरा पिळवटला, आणि दोन्ही हात टेकून तो उभा राहिला. सगळ्यांच्या देखत. ताईंनी कपाळाला हात लावला. शेठचा वकील नुसता हात करून म्हणाला, "बघा साहेब. मी वेगळं काय सांगू."

मी मागच्या बाकावर होतो. मनात म्हटलं, घातला घोळ. पण त्याचा पिळवटलेला चेहरा बघून ती बसमधली सीट, ती काट्यावरची खुर्ची, सगळं डोळ्यापुढं आलं, आणि तेव्हा हसलो होतो म्हणून माझं मलाच शरमल्यासारखं झालं. साहेबांनी चष्मा काढला आणि सरळ त्यालाच विचारलं, की बाबा, पाय अधू आहे म्हणतोस, खुर्ची दिली आहे, मग तू बसत का नाहीस?

आनंदराज खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, उभं ऱ्हायचे मला कोण पैसे देत न्हाई. गाडी बसून चालवावी लागती. आन बसलं की ह्यो गुडघा वाकत न्हाई, ब्रेकावर पाय जात न्हाई. मला बसता आलं असतं तर मी हितं कामून आलो असतो? ह्या वख्ताला नायगावला माल भरत असतो की."