अर्धा पगार

दत्ताभाऊ वर्षानुवर्षं आमच्या हॉकी क्लबचा बचावपटू. यंदा वय झालं म्हणून क्लबने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. अर्धा पगार मात्र अजून आमचाच क्लब देतो. तो कशाचा, हे मला काही केल्या कळत नाही. न दिलेल्या अर्ध्या माणसाचा?

आज तो आमच्याविरुद्ध खेळत होता. आमचा हमखास गोल त्याने आडवी स्टिक घालून अडवला आणि मी टाळी वाजवली.

प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेले काका खेकसले, "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मी हात खिशात घातले.

मध्यंतर झालं. दत्ताभाऊ घाम पुसत, सवयीने, सरळ आमच्याच संघाच्या बाकावर येऊन बसला. आमचा गोलकीपर न बघताच थोडा सरकला.

मी काकांकडे पाहिलं.

"बसू दे हो त्याला," ते म्हणाले.