एका दमात पलीकडे

नदीवर होडी चालवणाऱ्या माणसाला कप्तान म्हणणं ही निव्वळ थट्टा होती. थट्टा करणारे यथावकाश थकले, नाव मात्र चिकटून राहिलं. आता त्याची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना ‘आमचे कप्तान’ म्हणायची, आणि त्या दोन शब्दांत ती जे काही घालायची ते ऐकून शेजारणी मान फिरवून हसायच्या.

बरीच वर्षं कप्तानाने वल्ही मारली. खांदे दुखायचे, पण होडी कधी मध्येच थांबली नाही. पुढे खांद्यांनीच हात टेकले, तेव्हा त्याने कुणाच्या तरी परसात पडलेलं एक जुनं पेट्रोलचं इंजिन आणून होडीच्या मागच्या बाजूला बसवलं. त्यामुळे खांद्यांचं दुखणं थांबलं आणि डोक्याचं सुरू झालं.

त्याची बायको पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात, चादरी धुण्याच्या विभागात कामाला होती. इंजिन लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोठ्या कौतुकाने होडीत बसली आणि पेट्रोलच्या वासाने तिला असं मळमळलं की अख्खी नदी तिने बाहेर तोंड काढून पार केली. उतरताना म्हणाली, “कुठेतरी गळतंय तुमचं.”

संध्याकाळी कप्तानाने इंजिन तपासलं. टाकीच्या झाकणाला सुई जाईल एवढं बारीक भोक होतं. होडी हलली की त्यातून पेट्रोलचे थेंब वर यायचे. आता या माणसाने जन्मभर काय केलं होतं, तर भोकं बुजवली होती. तळाची, फळ्यांच्या सांध्यांची, खिळे निघून गेलेल्या जागांची. भोक म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे बुडणं, एवढंच त्याचं शिक्षण झालं होतं. आधीच्या मालकाच्या बेपर्वाईला दोन शिव्या घालून त्याने पुट्टी मळली, भोक आतून-बाहेरून बुजवलं, वाळल्यावर घासलं आणि वर रंगाचा हात दिला. घरचा नळ वर्षभर ठिबकत होता, त्याच्याकडे त्याने कधी इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं.

वास गेला. बायको पुन्हा बसली. आणि नदीच्या ऐन मध्यावर इंजिन अडखळलं, एकदा जोरात ओरडलं, मग ढिलं पडत पडत बंद झालं. होडी वाहत वाहत लव्हाळ्यात जाऊन अडकली. बायकोला कामावर पोचायला इतका उशीर झाला की मुकादमाने तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. रात्री ताट वाढताना ती शांतपणे म्हणाली, “ज्या दिवशी ही होडी एका दमात पलीकडे जाईल, त्या दिवशी मला सांगा.”

तेव्हापासून ती बसने जायला लागली. बस लांबच्या पुलावरून वळसा घेऊन जायची. रोज सकाळी कप्तान माणसं भरत असताना ती वरच्या रस्त्यावर, नदीकडे पाठ करून, पिशवी धरून थांब्यावर उभी असायची. इंजिन बंद पडतं याचं कप्तानाला विशेष काही नव्हतं, वस्तू आहे, बिघडणारच. पण ती पाठ बघून त्याला फार वाईट वाटायचं. त्यात रोज येणारा शिंपी जखमेवर मीठ चोळायचा. “कप्तान, घरचं माणूस बसत नाही, आम्ही कुणाच्या भरवशावर बसायचं?” असं विचारत तो सर्वांत चांगली जागा धरून बसायचा.

मग कप्तान हात धुऊन इंजिनाच्या मागे लागला. ते मध्यावर बंद पडलं की तो आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघायचा. उघडताना झाकण फुस्स करायचं. पेट्रोल असायचंच. झाकण लावून तो प्लग बदलायचा, दोरी ओढायचा आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं. म्हणजे दोष प्लगचा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, जाळी साफ केली, सुरू. म्हणजे दोष जाळीचा होता. मग कार्बोरेटर झाला, नळी झाली, दोरीसुद्धा नवी झाली. प्रत्येक दुरुस्ती यशस्वी व्हायची. इतक्या यशाने कुणाचंही डोकं फिरलं असतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शिंप्याच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होतं. शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, इंजिन थकतं, त्याला मध्ये जरा विश्रांती द्यावी. विश्रांती तर इंजिन स्वतःच घेत होतं, हे कप्तानाने सौजन्यापोटी सांगितलं नाही. शेवटी त्याने इंजिन खांद्यावर घालून मिस्त्रीच्या दुकानात नेलं. मिस्त्रीने ते पाण्याच्या पिंपावर बसवलं, झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि थोडं थोडं पेट्रोल ओतत बराच वेळ चालवलं. इंजिन कुठे अडलं नाही.

“माझ्याकडे तर झकास चालतंय,” मिस्त्री म्हणाला. “तुझं आणि त्याचं काही भांडण झालंय का?”

कप्तान इंजिन घेऊन परत आला. आता आपल्या हातालाच यश नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. वल्ही पुन्हा काढावीत असाही विचार आला, पण खांद्यांनी साफ नकार दिला.

एके दिवशी वारा होता आणि होडी फार हलत होती. इंजिन नेहमीच्या जागी बंद पडलं. कप्तानाने झाकण उघडलं, शिंप्याने नेमका तेव्हाच एक सल्ला दिला, कप्तानाने त्याच्याकडे रागाने बघितलं, आणि तेवढ्यात झाकण ओल्या हातातून निसटून नदीत गेलं. शिंप्याला बहुधा स्वतःची लाज वाटली असावी. त्याने गाठोड्यातून अस्तराचा एक तुकडा काढून दिला. कप्तानाने तो टाकीच्या तोंडावर सुतळीने बांधला आणि दोरी ओढली.

होडी पलीकडे पोचली. परत आली. पुन्हा गेली. मध्यावर आल्यावर माणसं सवयीने कडेला धरून बसायची, आणि काहीच झालं नाही की एकमेकांकडे बघायची. दिवसभर इंजिन एकदाही थांबलं नाही. कप्तानाचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो उलट घाबरलेला होता. संध्याकाळी तो नवं झाकण आणायला मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीने खोक्यातून एक झाकण काढून दिलं. कप्तानाने ते उजेडाकडे धरलं.

“हे फुटकं आहे. भोक आहे याला.”

“असतंच भोक.”

“दुसरं दे.”

“अरे, दुसऱ्यालाही असणार. टाकीतलं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यायला नको? भोक नसेल तर पेट्रोल उतरायचं थांबतं आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडलं की हवा घुसते, पुन्हा चालतं.” मिस्त्रीने त्याच्याकडे निरखून बघितलं. “तुझ्या झाकणाला नव्हतं का?”

“आठवत नाही,” कप्तान म्हणाला आणि झाकण खिशात घालून बाहेर पडला.

घरी तो जेवायला बसला. बायकोनेच विचारलं, “आज म्हणे दिवसभर चाललं. काय होतं शेवटी?”

“झाकण.”

“झाकणाचं काय?”

“त्याला भोक लागतं.”

“मग नव्हतं?”

“होतं. मी बुजवलं.”

“का पण?”

कप्तानाने ताटाकडे बघत सांगितलं, “तुला वास येतो म्हणून.”

ती हसेल अशी त्याची खात्री होती. उद्या सगळ्या शेजारणी हसतील, परवा शिंपी हसेल, हेही त्याने गृहीत धरलं होतं. पण ती त्याच्या ताटात आणखी भात वाढून आत गेली.

सकाळी ती थांब्यावर दिसली नाही. कप्तानाने मान वर करून दोनदा बघितलं. मग खाली बघितलं, तर ती पिशवी घेऊन होडीत चढत होती. त्याने घाईघाईने पुढची फळी पुसली, तिथे वारा लागतो, वास पोचत नाही. पण ती फळी ओलांडून ती मागे आली आणि थेट इंजिनाच्या शेजारी बसली. शिंप्याने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

होडी निघाली. नव्या झाकणातून थेंब उडत होते. तिने नाकाला रुमाल लावला होता आणि तिचा चेहरा पार उतरला होता. नदीचा मध्य आला आणि गेला. इंजिन एका सुरात चालत राहिलं, आणि कप्तानाला आनंदाने रडू येईल की काय अशी भीती वाटली.

पलीकडे ती त्याचा हात धरून उतरली आणि थोडा वेळ डोळे मिटून काठावर उभी राहिली.

“पुढे बसली असतीस तर इतका वास आला नसता,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग मागे कशाला बसलीस?”

“तुम्ही माझ्यासाठी आणखी काय काय बुजवाल, त्यावर लक्ष ठेवायला.” तिने रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि इस्पितळाच्या चढाला लागली. थोडं वर गेल्यावर थांबली, मागे वळली. “संध्याकाळी मी येईपर्यंत होडी सोडू नका. बसने येणार नाहीये मी.”