पूजेला बसवलेला कॉम्प्युटर

"ह्या पोरीचं बी तेच चाललंय बघा. काम झालं म्हनतंय, आन पुढं हलंना."

अण्णांनी त्यांची खुर्ची माझ्याकडे सरकवली. कुपवाडला त्यांचं पंपाचे पार्ट बनवायचं वर्कशॉप आहे. मी वाईचा, सातारा-सांगली पट्ट्यात कॉम्प्युटरची कामं करत फिरतो. शेजारी नवी ऑपरेटर रेश्मा रडवेली होऊन उभी होती. तिच्या आधीच्या सुनंदाताईंना अण्णांनी नुकतंच काढलं होतं, तेही याच कारणावरून.

काम तसं साधं. लॉट तपासून झाला की काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची. प्रोग्रॅम टेस्ट सर्टिफिकेट छापतो, 'डन' म्हणतो आणि प्रॉम्प्ट परत येतो. प्रॉम्प्ट म्हणजे तो लुकलुकणारा कर्सर. तो आला की समजायचं, मशीन पुढच्या कामाला मोकळं झालं. इथे 'डन' येत होतं, प्रॉम्प्ट येत नव्हता.

सुनंदाताई बिचाऱ्या वाट बघत बसायच्या. अण्णा ओरडायचे, "बसून काय ऱ्हातीस? बंद कर आन परत लाव." त्या विंडो बंद करायच्या. पण मधेच बंद केलं की लॉटचा नंबर पुढे सरकायचा राहून जायचा. वेगवेगळ्या लॉटची एकाच नंबरची सर्टिफिकेटं गिऱ्हाइकाकडे गेली आणि मालाचा ट्रक परत आला. खापर फुटलं ताईंच्या डोक्यावर.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"दसऱ्यापास्नं, असं सुनंदा म्हनायची. मला वाटलं, कायतरी सांगतीया."

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोग्रॅम सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, जवळजवळ वापरतच नव्हता.

"अण्णा, हा काम करत नाहीये. वाट बघतोय."

"कुनाची?"

कोणतं मशीन कोणाशी बोलतंय हे दाखवणारी एक कमांड असते. ती चालवली. हा प्रोग्रॅम वर्कशॉपमधल्याच एका मशीनच्या पत्त्याला हाका मारत होता. म्हणजे फोन लावलाय, रिंग वाजतेय, कोणी उचलत नाही. आणि किती वेळ रिंग द्यायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलंच नव्हतं.

तो पत्ता चालू मशीनपैकी कोणाचाच नव्हता. "इथे आधी एखादा जुना कॉम्प्युटर होता का?"

अण्णांचा चेहरा खुलला. "त्यो? आवं, त्यो आपला पयला! त्याच्यावरच धंदा उभा ऱ्हायला. खंडेनवमीला पूजा केली आन म्हनलं, लय राबला, आता त्याला काम न्हाई सांगायचं."

ऑफिसच्या कोपऱ्यात देवाच्या फोटोखाली तो ठेवला होता. वर हळद-कुंकू, झेंडूचा वाळलेला हार, आणि केबल नीट गुंडाळून बाजूला. सर्टिफिकेटची एक कॉपी या मशीनवर ठेवायची, मगच नंबर पुढे सरकवायचा आणि प्रॉम्प्ट परत द्यायचा, असं त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. हे सगळे विसरून गेले होते.

हार काढताना अण्णांनी हात जोडले. केबल लावली, मशीन सुरू केलं. रेश्माने कमांड दिली. 'डन' आलं आणि पाठोपाठ प्रॉम्प्ट. ती हसली. अण्णा मात्र हसले नाहीत.

त्यांनी तिथूनच सुनंदाताईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्या जतला भावाकडे गेल्या होत्या.

"सुनंदा, चूक तुजी नव्हती गं. मीच मशीनची वायर काडून ठेवलेली. ये परत."

"मी सांगत हुते की अण्णा. ऐकलं न्हाई तुमी."

"व्हय. चुकलं माजं."

"कुपवाडात दोन ठिकानी गेले काम मागाय. मी जायच्या आधीच तिथं कळलेलं, ट्रक माज्यामुळं परत आला म्हनून. आता न्हाई यायची मी. त्या नव्या पोरीला तेवडं काडू नगासा."

अण्णांनी फोन खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. ट्रक पुन्हा भरून पाठवता येतो. गेलेलं नाव असं परत आणता येत नाही.

आता कुठेही प्रोग्रॅम अडकला की मी दोन प्रश्न विचारतो. तो कोणाची वाट बघतोय? आणि यापायी कोणाला काढलं तर नाही ना? पहिल्याचं उत्तर मला कमांड देते. दुसरा विचारला की लोक एकमेकांकडे बघायला लागतात.